दापोलीत मराठी टायपिंगसाठी चांगलं दुकान

टीवायबीएला मराठीच्या प्रकल्पासाठी विषय होता, एका कादंबरीतला स्त्रीवाद. मी ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' घेतली. हाताने लिहिलेली बावीस पानं टाइप करून, बांधून द्यायची होती. आधी ज्या दुकानात टाकली तिथे जुन्या फॉन्टमध्ये काम झालं. कॉलेजच्या कंप्युटरवर फाइल उघडली तर नुसती चिन्हं. प्रिंटमध्ये 'केशवपन'चं सगळीकडे 'केशवपण' झालेलं. मुदतीला पाच दिवस उरले होते. मला रडू आलं.

मग मैत्रिणीने केळसकर नाक्याजवळच्या गल्लीतलं हे दुकान दाखवलं. एक झेरॉक्स मशीन, दोन कंप्युटर, आणि ताई एकटी. कागद हातात घेतल्या घेतल्या तिने विचारलं, "युनिकोडमध्ये करते, म्हणजे कुठेही उघडेल. चालेल ना?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. "आलवण की आळवण गं? तू दोन्ही लिहिलंयस." मी आजीला विचारलं. आलवणच, म्हणजे विधवेने नेसायचं लुगडं. तिच्या आत्याला तिने लहानपणी त्या लाल लुगड्यात पाहिलं होतं. दुसरं लुगडं त्या बाईच्या अंगावर कधी आलंच नाही, म्हणाली. हे आजीने मला आधी कधीच सांगितलं नव्हतं. मी तो परिच्छेद पुन्हा लिहिला आणि ताईने तो जादा पैसे न घेता बदलून दिला.

तिने आणखी एक चूक पकडली. विधवाविवाहाचा कायदा 1856चा. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी 1857ची. माझ्याकडून साल उलटंपालटं झालं होतं आणि माझा सगळा मुद्दा त्याच क्रमावर उभा होता. पदमनजींची यमुना विधवा होते, पण पुन्हा लग्न करते. आपट्यांची यमू 1890पासून त्यांच्याच 'करमणूक' साप्ताहिकातून प्रकरणाप्रकरणाने वाचकांसमोर आली. तिला नवऱ्याने लिहायला-वाचायला शिकवलेलं, आणि तो गेल्यावर घरातलेच लोक तिचं जबरदस्तीने केशवपन करतात. कायदा तेव्हा तीस वर्षांहून जुना होता, तरी तो तिच्या माजघरापर्यंत पोचलेला नाही. ते माजघर आपल्याला दिसतं, कारण गोष्ट यमूच स्वतः सांगते. ताराबाई शिंद्यांनी 1882मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' स्वतःच्या नावाने लिहिली. आपट्यांच्या यमूचा 'मी' मात्र एका पुरुषाने लिहिलेला आहे. त्याला स्त्रीवाद म्हणायचं का, यावर मी चार पानं खर्च केली आणि अजूनही मला ती अपुरी वाटतात.

मी दापोलीजवळच्या मुरूडची. धोंडो केशव कर्व्यांनी 1893मध्ये गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केलं तेव्हा आमच्याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला होता. शेवटच्या पानावर मी हे लिहिलंय. ते टाइप करताना ताई थांबली म्हणे, आणि तिने ते वाक्य दोनदा वाचलं. टायपिंग करणाऱ्या माणसाने मजकूर वाचावा ही अपेक्षा कोणी ठेवत नाही. मी यापुढे ठेवणार.

दर पानाला 30 रुपये, स्पायरलचे 50, आणि एकदा दुरुस्ती फुकट. काम तीन दिवसांत होईल म्हणाली होती, चौथ्या दिवशी संध्याकाळी मिळालं, कारण वीज गेली की तिचं काम बंद आणि इन्व्हर्टर नाही. मुदत जवळ असेल तर हे लक्षात ठेवा. इंग्रजी मजकूर असेल तर स्वतः तपासून घ्या, तिथे तिचा हात तितका बसलेला नाही. तळटीपा मात्र नीट लावून देते. मुरूडहून येणाऱ्यांनी सकाळची एसटी धरावी, कारण दुपारी जेवायला ती दुकान बंद करून घरी जाते.