व्हीएसएफटीपीडी: छापखान्यात बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आमच्या छापखान्यातलं स्कॅनर मशीन जुनं, त्याला फक्त एफटीपी (नेटवर्कवरून फाइली पाठवायची जुनी पद्धत) कळतं. म्हणून उबुंटू लिनक्सवर व्हीएसएफटीपीडी हा एफटीपी सर्व्हर बसवला. एकदा उभा राहिला की हा सर्व्हर खरंच नाव ठेवायला जागा देत नाही. मेमरी नावापुरती खातो, दिवाळी अंकांच्या गर्दीतही अडला नाही.

मात्र सुरू होतानाच हटून बसला, तर नवख्याला घाम फुटतो. सिस्टमसीटीएल या सर्व्हिस सांभाळणाऱ्या कमांडला स्टेटस विचारलं की नुसतं 'फेल्ड' आणि एक्झिट कोड २. लॉगमध्येही कारण सापडत नाही. खरं कारण सर्व्हर सांगत असतो, पण ते स्टँडर्ड इनपुटच्या वाटेवर लिहितो आणि सिस्टमडीखाली (सर्व्हिस सुरू करणारी लिनक्सची यंत्रणा) ती वाट 'डेव्ह नल'ला, म्हणजे आलेलं सगळं गिळून टाकणाऱ्या फाइलला, जोडलेली असते. म्हणून सर्व्हिसचा नाद सोडा. टर्मिनलमध्ये रूट (सगळे अधिकार असलेला यूजर) म्हणून थेट व्हीएसएफटीपीडी चालवा, पुढे कॉन्फिग फाइलचा पत्ता द्या. '५०० ऊप्स' म्हणत तो नेमकं दुखणं सांगतो.

आमच्याकडे निघालेलं दुखणं असं: उबुंटूच्या मूळ फाइलमध्ये 'लिसन' नो आणि 'लिसन आयपीव्ही६' येस असतं (आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ या नेटवर्क पत्त्यांच्या दोन प्रकारांवर कनेक्शन घ्यायच्या या सेटिंग्ज). जुन्या लेखांत वाचून कुणीतरी 'लिसन'ही येस केलं होतं. दोन्ही येस चालत नाहीत. आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६साठी दोन वेगळ्या प्रती चालवा, असं तो म्हणतो. त्याची काही गरज नसते. आयपीव्ही६चा एकच सॉकेट सहसा दोन्हीकडची कनेक्शनं घेतो, तेव्हा 'लिसन' परत नो केलं की झालं.

दुसऱ्या वेळी फाइल विंडोजवरच्या नोटपॅडमधून फिरून आली होती. ओळीच्या शेवटी न दिसणारं एक जादा अक्षर चिकटलं, आणि 'येस' दिसत असूनही 'बॅड बूल व्हॅल्यू', म्हणजे येस-नोच्या जागी भलतंच काही आहे अशी तक्रार. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडली तरी तो फाइल नाकारतो. एफटीपीच्या पोर्ट २१वर आधीच दुसरा सर्व्हर बसलेला असेल तर 'कुड नॉट बाइंड' येतं. एसएस कमांडने कोण बसलंय ते लगेच कळतं.

हा कडकपणा मला मनापासून आवडतो. चुकीच्या सेटिंगवर अर्धवट सुरू होऊन फोल्डर उघडे टाकण्यापेक्षा तो सुरूच होत नाही, हे चांगलं. फक्त कारण लॉगमध्ये यायला हवं होतं, त्यासाठी एक तारा कापतो.

पाचपैकी चार. साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, त्यामुळे आम्ही हा ऑफिसच्या आतल्या नेटवर्कपुरताच ठेवलाय. बाहेरच्या डिझायनरांना एसएफटीपी (सगळं कूटबद्ध करून पाठवणारी वेगळी पद्धत) दिलंय.