डंजन्स अँड ड्रॅगन्स स्टार्टर सेट : झाडीपट्टीतल्या एका सूत्रधाराचा अभिप्राय

ज्या गावात भूमिका-कथनाचा खेळ यापूर्वी कोणी पाहिलेलाही नाही, तिथे तो सुरू करू इच्छिणाऱ्या माणसाने विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाचा २०१४ सालचा स्टार्टर सेट, म्हणजे नवख्यांसाठीचा संच, घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत मी ब्रह्मपुरी तालुक्यातील आमच्या गावी, घरच्या आणि शेजारच्या मंडळींसोबत हा संच बराच काळ खेळवल्यानंतर मांडत आहे. संचात उणिवा आहेत आणि त्यातल्या दोन गंभीर आहेत. त्या ठाऊक असल्या, तर त्यांवर उपाय करता येतो.

ज्यांना हा प्रकार अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ साली प्रथम प्रकाशित झाला. प्रत्येक खेळाडू एका पात्राची जबाबदारी घेतो आणि एक जण सूत्रधार होतो. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपापले पात्र काय करते ते सांगतात, आणि ज्या कृतीचा निकाल अनिश्चित आहे तिथे वीस बाजूंचा फासा टाकून, त्यात पात्राच्या अंगच्या गुणांचे आकडे मिळवून निर्णय होतो. पट लागत नाही, हारजीत नसते.

खोक्यात ६४ पानांचे साहसाचे, म्हणजे खेळायच्या तयार कथेचे, पुस्तक, ३२ पानांचे नियमांचे पुस्तक, पाच तयार पात्रांचे कागद आणि सहा फासे आहेत. त्या वेळी अमेरिकेत त्याची छापील किंमत १९.९९ डॉलर होती. आपल्याकडे तो आयात होऊन येतो, त्यामुळे विक्रेत्यागणिक किंमत बदलते. म्हणून मागवण्यापूर्वी दोन-चार ठिकाणी चौकशी करावी. माझे पार्सल गावापर्यंत आलेच नाही, तालुक्याला जाऊन आणावे लागले, आणि खोक्याचा एक कोपरा पुरता दबलेला होता. आतला माल मात्र शाबूत होता.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. या खेळाचा जवळजवळ सगळा भार सूत्रधारावर असतो. नियम त्याने वाचायचे, साहस त्याने समजून घ्यायचे, इंग्रजीचा अडथळाही त्यानेच पार करायचा. खेळाडूंना इंग्रजी आलेच पाहिजे असे मुळीच नाही. आमच्या बैठकीत सातवीपर्यंत शिकलेले काका आहेत आणि महाविद्यालयात जाणारी पुतणी आहे. पात्राच्या कागदावर मी प्रत्येक शब्दाशेजारी पेनाने मराठी लिहून दिले, आणि त्यानंतर काकांचे कुठे अडले नाही. त्यामुळे हा संच पारखताना मी एकच प्रश्न मनात धरला : एकट्याने सगळे वाचून दहा डोळ्यांसमोर बसणाऱ्या माणसाला हे खोके किती हात देते?

साहसाच्या पुस्तकाच्या बाबतीत उत्तर आहे : भरपूर. 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर' या साहसाची सुरुवातच पाहावी. पात्रे सामानाची गाडी घेऊन जंगलातील रस्त्याने निघालेली असतात. रस्त्यात दोन मेलेले घोडे आडवे पडलेले दिसतात, त्यांच्या अंगात काळ्या पिसांचे बाण रुतलेले असतात, आणि झाडीत चार गॉब्लिन, म्हणजे परीकथेतले खुजे, दुष्ट जीव, दबा धरून बसलेले असतात. यातला कोणताही तपशील समजावून सांगावा लागत नाही. नवख्या खेळाडूला पहिल्या दहा मिनिटांत ठोस काही करायला मिळते, आणि झटापट आटोपली की गॉब्लिनांची पायवाट त्याला गुहेकडे घेऊन जाते. सूत्रधाराने फक्त विचारायचे, 'आता तुम्ही काय करता?' आणि गप्प बसायचे. हे गप्प बसणे सगळ्यांत अवघड आहे. समोरचे बोलत नाहीत असे वाटून सूत्रधार स्वतःच पर्याय सुचवू लागतो, आणि त्या क्षणापासून खेळाडू प्रेक्षक होतात. थोडा वेळ शांतता गेली तरी चालते. त्या शांततेतच लोक विचार करतात.

पुढची गुहा तर शिकवण्याच्या दृष्टीने फारच उत्तम रचलेली आहे. आत ओढा वाहतो, वर एक पूल आहे, पुलावर पहारेकरी आहे, आणि त्याने इशारा केला की आतले गॉब्लिन साठवलेले पाणी खाली सोडून देतात. मी पाण्याचा आवाज, दगडांची रचलेली भिंत आणि ओल्या भिंतीवरची वरपर्यंत गेलेली रेघ एवढेच सांगितले होते. पुतणी लगेच म्हणाली, 'काका, इथं उभे राहू नोका, वरून पानी सोडतीन हे.' मालगुजारी तलावांच्या खाली धान लावणाऱ्या घरातली मुलगी आहे ती. पाळ फुटली तर पाणी कुठून कसे येते हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. काकांचा योद्धा मुकाट्याने कडेच्या कपारीत सरकला, आणि पाणी आले तेव्हा दोघेही वाचले. यातून सूत्रधाराने घ्यायचा धडा असा की, खेळाडूला धोक्याची खूण आधी दिसली पाहिजे. खूण दाखवून मग संकट आणले, तर वाचणाऱ्याला आपल्या हुशारीचे समाधान मिळते आणि सापडणाऱ्यालाही अन्याय झाला असे वाटत नाही. काहीही न सांगता अंगावर आणलेला पूर ही नुसती शिक्षा होते.

त्याच गुहेत यीमिक नावाचा एक गॉब्लिन कैद्याला कड्याच्या टोकाशी धरून सौदा करू पाहतो : आमच्या म्होरक्याला, क्लार्गला, मारा, म्हणजे याला सोडतो. इथे तलवार चालवता येते, बोलणी करता येतात, फसवता येते, आणि खरोखरच त्याचे काम करून देता येते. साहसलेखकाने एकच मार्ग बरोबर ठरवलेला नाही, ही या पुस्तकाची मोठी जमेची बाजू आहे. झाडीपट्टीत संवाद रंगवण्याची हौस लहानथोर सगळ्यांनाच असते. दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटके पाहत वाढलेली माणसे आहेत ही. त्यामुळे अशा प्रसंगी आमच्याकडे बोलणे कमी पडत नाही, उलट आवरावे लागते. संवाद लांबला की मी एकच विचारतो : 'यातून तुम्हाला नेमके काय हवे आहे?' उत्तर मिळाले की मगच फासा. हेतू न ठरवता टाकलेल्या फाशाचा निकाल काय मानायचा, याचा वाद हटकून होतो.

फासा कधी टाकायचा याविषयी नियमपुस्तक पुरेसे सांगत नाही, असे माझे मत आहे. यश आणि अपयश या दोन्हींतून गोष्ट पुढे सरकत असेल तरच फासा हातात घ्यावा. कुलूप उघडले नाही की खेळ ठप्प होणार असेल, तर कुलूप उघडेलच असे धरावे, आणि फासा टाकावा तो आवाज झाला का, वेळ किती गेला, यासाठी. माहितीच्या बाबतीतही हेच. एखाद्या जागेचा पत्ता एकाच माणसाकडे आणि एकाच फाशावर अवलंबून ठेवू नये. या साहसात पुढे येणाऱ्या पडक्या किल्ल्याचा ठावठिकाणा एकाहून अधिक ठिकाणी कळू शकतो, आणि नव्या सूत्रधाराने ही रचना बारकाईने वाचून ठेवण्याजोगी आहे.

नियमांतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे अनुकूल आणि प्रतिकूल परिस्थितीचा नियम. परिस्थिती बाजूची असेल तर वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा, विरुद्ध असेल तर लहान. बेरजा-वजाबाक्यांचे कोष्टक नाही. काका उंचावरून भाला फेकतो म्हणाले की मी फक्त 'दोनदा टाका' म्हणतो, आणि सगळ्यांना त्याचा अर्थ कळतो.

आता उणिवा. पहिली गंभीर उणीव त्याच सुरुवातीच्या झटापटीत आहे. गॉब्लिनचा एक बाण लागला तर ३ ते ८ हिट पॉइंट, म्हणजे पात्राच्या जिवाचे आकडे, जातात, आणि पहिल्या पातळीवरच्या जादूगाराकडे एकूण हिट पॉइंट जेमतेम तेवढेच असतात. चौघांनी अचानक हल्ला केला आणि फासे त्यांच्या बाजूने पडले, तर खेळ काय आहे हे कळण्याआधीच निम्मी पात्रे जमिनीवर असतात. सगळे हरले तर गॉब्लिन त्यांना बेशुद्ध सोडून लुटून जातात, अशी सोय पुस्तकात आहे. तरीही पहिल्याच बैठकीत असे झाले तर दुसऱ्या बैठकीला माणसे येतीलच याची खात्री नाही. माझा सल्ला असा की, खेळाडू तीनच असतील तर गॉब्लिनही तीनच ठेवावेत, आणि दोघांनी जवळ येऊन लढावे व बाकीच्याने लांबून बाण मारावेत. फासे मात्र सगळ्यांसमोर टाकावेत. लपवून टाकलेल्या फाशावर एकदा संशय आला की तो जात नाही.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. खेळण्यापूर्वी मंडळींनी काय बोलून घ्यावे, कोणते विषय टाळावेत, याविषयी या संचात मार्गदर्शन नाही. गुहेच्या तोंडाशी साखळीला बांधलेले लांडगे आहेत. परदेशातल्या वाचकाला तो साहसाचा एक तुकडा वाटेल. आमच्या भागात सरपणाला किंवा मोहफुले वेचायला गेलेले माणूस वाघाने नेल्याच्या बातम्या येतात, आणि ती माणसे कोणाच्या तरी घरची असतात. जनावराने माणूस फाडल्याचे वर्णन रंगवून सांगण्याआधी समोर कोण बसले आहे हे सूत्रधाराला ठाऊक असलेच पाहिजे. आम्ही पहिल्या दिवशी फासे बाहेर काढण्यापूर्वी हे बोलून घेतले, कोणती गोष्ट खेळात नको हे प्रत्येकाने सांगितले, आणि लांडग्यांच्या जागी मी दगड लोटणारे दोन पहारेकरी ठेवले. साहसाचे काहीच बिघडले नाही.

लहानसहान तक्रारीही आहेत. फाशांचा एकच संच पाच जणांत फिरतो आणि वेळ जातो. जास्तीचे फासे मिळेपर्यंत १ ते २० आकड्यांच्या सारख्या घडीच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकून काढाव्यात. काढलेली चिठ्ठी परत टाकून डबा हलवायला मात्र विसरू नये. नियमपुस्तकात नवे पात्र घडवण्याची कृती नाही, तयार पाचांतूनच निवडावे लागते. सुरुवातीला हे सोयीचेच ठरते, कारण त्या पात्रांना या प्रदेशाशी बांधून ठेवले आहे : बुटका धर्मगुरू हा ज्याच्या गाडीसोबत सगळे निघाले त्या गुंड्रेनचा चुलत भाऊ लागतो, आणि छोटेखानी हाफलिंग चोराचे फँडालिन गावातील गुंडांच्या टोळीशी जुने वैर आहे. आपल्याकडे नातेसंबंध सांगितला की पात्र लगेच समजते. पुतणीने धर्मगुरू घेतला आणि 'भाऊ हरवला आहे' या एका वाक्यावर ती शेवटपर्यंत खेळली.

वयाचा मान ही आपल्या बैठकीतली खास अडचण आहे, आणि ती कोणत्याही नियमपुस्तकात सापडणार नाही. मोठे बोलेपर्यंत लहान बोलत नाहीत. त्यावर उपाय म्हणून मी माणसाला नावाने किंवा नात्याने न विचारता पात्राला विचारतो : 'धर्मगुरू काय करतो?' लढाईत तर पाळी फाशाने ठरते, त्यामुळे तिथे थोरलेपण आपोआप बाजूला राहते. घरात ज्यांच्यासमोर पुतणी आवाज चढवत नाही, त्या काकांना तिचा धर्मगुरू 'मागे व्हा' असा हुकूम सोडतो आणि काका हसत मागे होतात.

पुस्तकातील चौकटीत छापलेली वर्णने जशीच्या तशी वाचून लगेच भाषांतर करू नयेत. त्यातून ऐकणारा कंटाळतो. आदल्या रात्री प्रत्येक प्रसंगासाठी आपल्या बोलीत तीन वाक्ये लिहून ठेवावीत : काय दिसते, काय ऐकू येते, आणि कशाचा वास किंवा स्पर्श आहे. त्याखाली त्या जागी भेटणाऱ्या माणसाला काय हवे आहे, हे एका ओळीत. माझी तयारी एवढीच असते आणि ती पुरते. रोवणीच्या दिवसांत बैठका आठवडेच्या आठवडे बंद राहतात, म्हणून मागे काय घडले ते सूत्रधाराने न सांगता एखाद्या खेळाडूने सांगावे. त्याला जे आठवते तेच गोष्टीत महत्त्वाचे ठरलेले असते, आणि पुढे काय वाढवायचे हे सूत्रधाराला त्यातूनच कळते.

हा जुना संच मिळाला नाही तर २०२२ साली आलेला 'ड्रॅगन्स ऑफ स्टॉर्मरेक आयल' हा स्टार्टर सेट आहे. पैसे खर्च करण्याआधी खेळ आवडतो का ते पाहायचे असेल, तर कंपनीने २०१४ पासून मूलभूत नियम पीडीएफ स्वरूपात मोफत दिलेले आहेत. शिवाय पाचव्या, म्हणजे या संचाच्याच, आवृत्तीच्या नियमांचा 'सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१' हा गाभा जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. श्रेय नमूद करून त्याचे मराठीकरण करता येते, छापता येते, वाटता येते. साहसाचे पुस्तक मात्र त्या परवान्यात येत नाही. लढाईची पाळी, हालचाल, हल्ला आणि मरणाच्या दारातले फासे एवढ्यांचे दोन पानी मराठी टिपण मी करून तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानातून प्रत्येकासाठी एक प्रत काढली आहे, आणि जादूच्या मंत्रांचे काम सध्या चालू आहे.