आभा अ‍ॅप: केसपेपरच्या रांगेत पास, रिपोर्टांत काठावर

बेळगाव, निपाणी, खानापूरकडचा पेशंट एका दवाखान्याचा कधीच नसतो. रोजची गोळी गावात, ऑपरेशन बेळगावात, दुसऱ्या डॉक्टरचं मत मिरजेला नाहीतर कोल्हापूरला, आणि खानापूरच्या बाजूची बरीच मंडळी थेट गोव्याला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात. तीन राज्यांचे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर 2021 मध्ये देशभर सुरू झालं. त्याचं आभा म्हणजे वेगवेगळ्या दवाखान्यांतले आपले कागद एका नंबराखाली जोडणारं डिजिटल आरोग्य खातं. त्याला राज्याची हद्द नाही, म्हणून ते सर्वांत जास्त उपयोगी पडायला हवं ते इथल्या माणसाला.

आभा म्हणजे 5 लाखांचं आयुष्मान कार्ड नव्हे, हे आधी घरात सांगून ठेवा. आभाचा 14 अंकी नंबर दाखवून बिल कमी होत नाही.

खातं आधारच्या ओटीपीवर निघतं. आधारला मोबाइल जोडलेला नसेल, तर ज्या दवाखान्यात सोय आहे तिथे बोटाच्या ठशावरही निघतं. ओपीडीत लावलेला क्यूआर कोड अ‍ॅपमधून स्कॅन केला की नाव, वय, पत्ता, मोबाइल काउंटरला जातो आणि फोनवर टोकन येतं. हा भाग झकास आहे, पूर्ण गुण. पण इथे जाते ती फक्त ओळख. जुने रिपोर्ट डॉक्टरांपुढे आपोआप उघडत नाहीत, तरी अनेकांना तसं वाटतं.

रिपोर्ट कुठल्याही मध्यवर्ती कपाटात नसतात, ते ज्या त्या दवाखान्याच्याच संगणकात राहतात. अ‍ॅपमध्ये दवाखाना शोधायचा, मग मोबाइल, नाव, लिंग आणि जन्मवर्ष यांवरून तिथली नोंद जुळवली जाते. दवाखान्यात नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी येतो, तो टाकला की भेटींची यादी दिसते आणि हवी ती जोडता येते. गाडी अडते ती जुळवणीत. इकडच्या आधारवर इंग्रजीत ‘सविता’ लिहिताना ‘टी’पुढे ‘एच’ असतो, मिरजेच्या काउंटरवर तो गळतो. इथे आडनाव शेवटी, तिकडे आधी. जुन्या माणसांचं जन्मवर्ष तर प्रत्येक केसपेपरवर निराळं. त्यात सिमकार्ड बदललेलं असलं की ओटीपी भलत्याच्याच फोनवर. म्हणून केसपेपर काढतानाच आभा नंबर द्या, नाव आधारवरच्या स्पेलिंगने घालायला सांगा आणि छापून आलेली चिठ्ठी काउंटर सोडण्याआधी वाचा. नंतर दुरुस्तीला चार खिडक्या फिराव्या लागतात.

दवाखान्याचं सॉफ्टवेअर मिशनला जोडलेलं नसेल, तर अ‍ॅप कितीही चांगलं असलं तरी यादी कोरीच. बाहेरच्या लॅबचंही तेच. जुने कागद स्कॅन करून डिजिलॉकरमध्ये ठेवता येतात, पण तो शेवटी फोटोच. तीन महिन्यांची साखर किती हलली, हे त्यातून आपोआप निघत नाही.

डॉक्टरांनी जुने रिपोर्ट मागितले की फोनवर येणारा संमतीचा पडदा मात्र विचार करून बनवलाय. कोण मागतंय, कशासाठी, कोणत्या प्रकारचे कागद, कोणत्या तारखेपासूनचे आणि परवानगी कधीपर्यंत, हे सगळं समोर येतं आणि मंजुरीआधी कमी करता येतं. हाडाच्या डॉक्टरला एक्स-रेचा रिपोर्ट हवा असेल, तर पाच वर्षांची सगळी फाइल उघडायचं कारण नाही. तारखांची चौकट आवळा, मुदत थोडी ठेवा. संमती नंतर मागे घेता येते, पण तोवर छापून घेतलेला कागद काही परत येत नाही.

आमचा खरा आक्षेप यापुढचा. पेशंटला नोंद बघायला मिळते, तिच्यावर बोट ठेवायला जागा नाही. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी लिहायची राहिली किंवा डाव्याऐवजी उजवा गुडघा आला, तर दुरुस्ती दवाखान्यानेच करायची, आणि त्यासाठी जाऊन अर्ज द्यायचा तो पेशंटने. अमेरिकेत 2010 पासून काही दवाखान्यांनी डॉक्टरांच्या नोंदी पेशंटना वाचायला दिल्या. 2020 साली छापलेल्या तिथल्या पाहणीत 22 हजारांवर वाचकांपैकी साधारण पाचातल्या एकाला आपल्या नोंदीत चूक दिसली, आणि त्यांतल्या दहापैकी चौघांनी ती गंभीर ठरवली. ‘ही नोंद चुकली आहे’ असं एक बटण अ‍ॅपमध्ये असावं आणि ते दाबलेलं डॉक्टरांना दिसावं, इतकी साधी मागणी आहे. पेशंटांना विचारून पडदे आखले असते तर हे बटण पहिल्याच दिवशी आलं असतं.

एकाच मोबाइलवर घरातल्या अनेकांची खाती चालतात. सोयीचं आहे, पण आजी गावी जांबोटीला आणि फोन नातवाकडे पुण्यात असला, तर आजीची संमती नातूच देतो. आजीला गर्भाशयाचा किंवा मनाचा आजार त्याला कळू द्यायचा नसेल, तर त्याची सोय नाही. निदान आजीच्या आधारला तिचा स्वतःचा किंवा तिच्याजवळ राहणाऱ्या माणसाचा नंबर जोडा. आभा कार्डाची छापील प्रत पिशवीत ठेवा, रेंज नसली तरी काउंटरवाल्याला 14 आकडे वाचता येतात. आणि पिशवी इतक्यात टाकू नका.