चुंबकीय व्यायाम सायकल : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सुटे भाग खोक्यातून बाहेर काढले तेव्हा तासाभरात सायकल उभी राहील असे वाटले होते. प्रत्यक्षात दोन तास लागले आणि त्यांतला बराचसा वेळ डाव्या पेडलने खाल्ला. या पेडलचे आटे उलटे असतात, म्हणजे ते घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरवून आवळायचे असते. माहितीपुस्तिकेत पाण्याच्या बाटलीच्या कडीला अख्खे पान दिले आहे, पण ही गोष्ट एका बारीक ओळीत उरकली आहे. पेडल आधी बोटांनी दोन-तीन वेढे सहज फिरले तरच पाना लावावा. जबरदस्ती केल्यास क्रँकचे, म्हणजे पेडल ज्यात बसते त्या दांड्याचे, आटे जातात आणि मग पेडल घट्ट बसत नाही.

चुंबकाच्या कामगिरीबद्दल मात्र मी पूर्ण समाधानी आहे. वरची खुंटी फिरवली की चुंबक फ्लायव्हीलच्या, म्हणजे पेडलबरोबर फिरणाऱ्या जड चाकाच्या, जवळ सरकतात, फिरत्या धातूमध्ये विजेचे प्रवाह निर्माण होतात आणि तेच चाकाच्या गतीला विरोध करतात. चाकाला काहीच घासत नसल्यामुळे ब्रेक झिजण्याचा प्रश्न येत नाही आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाची झोपमोडही होत नाही. मात्र हा विरोध वेगाबरोबर वाढतो, त्यामुळे चढावर सायकल दामटावी तसे सावकाश आणि जड पाय मारू पाहणाऱ्याला सर्वांत वरची, आठवी पातळीही हलकीच वाटेल.

मीटरवरच्या कॅलरीच्या आकड्यावर विसंबू नये. पहिल्या आणि आठव्या पातळीवर सारख्याच वेगाने दहा-दहा मिनिटे चालवून पाहिले, तर आकडा तोच आला, कारण हा मीटर केवळ चाकाचे फेरे मोजतो.

तिसऱ्या आठवड्यात करकर सुरू झाली. आतला पट्टा बिघडला असावा या समजुतीने मी आवरण उघडण्याच्या बेतात होतो, पण दोष निघाला सैल झालेल्या क्रँकच्या नटाचा. तेव्हापासून महिन्यातून एकदा क्रँक, पेडल आणि पायांचे बोल्ट आवळतो व व्यायाम झाल्यावर हँडलवरचा घाम पुसतो, कारण खारट घामाने सांध्यांवर गंज चढतो. पट्ट्याला तेल लावू नये. तो घसरू लागतो. सीट कठीण आहे आणि अर्ध्या तासापुढे बसवत नाही, त्यामुळे वरून जाड गादीचे कव्हर चढवावे लागले. त्याने उंची वाढल्यामुळे सीटचा दांडा एक खाच खाली घेतला, तेव्हा कुठे पेडल तळाशी असताना गुडघा किंचित वाकलेला राहू लागला.