केडीपीची छापील पुस्तकं: कादंबरीला उत्तम, चित्रपुस्तकाला अपुरी

लेखकाने स्वतः काढलेलं नवं पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान उघडावं. तिथे छोटा बारकोड, छपाईचं ठिकाण आणि तारीख असेल, तर ती प्रत बहुधा अ‍ॅमेझॉनच्या किंडल डायरेक्ट पब्लिशिंग या स्वप्रकाशन सेवेतून, म्हणजे केडीपीतून, मागणी आल्यावर छापली गेली आहे. स्वप्रकाशित पुस्तकांची परीक्षणं मजकुरावर थांबतात आणि वस्तूबद्दल कुणी बोलत नाही. हे परीक्षण त्या वस्तूचं आहे. एकच सेवा, एकच यंत्र, तरी कादंबरी देखणी निघते आणि पाककृतींचं पुस्तक निराश करतं, असं का होतं ते आधी समजून घेतलं तर पुस्तक घेताना आणि त्यावर लिहितानाही चूक कमी होते.

कादंबरीपासून सुरुवात करू, कारण या सेवेचं खरं बळ तिथे आहे. काळ्या शाईची छपाई, क्रीम कागद, 6 बाय 9 किंवा 5.5 बाय 8.5 इंचाचा आकार आणि दोनशे ते साडेतीनशे पानं, एवढं जुळलं तर प्रत दुकानातल्या नेहमीच्या पेपरबॅकशेजारी बिनदिक्कत ठेवावी अशी होते. अक्षर ठाशीव येतं. शाईची गडदता मात्र वेगवेगळ्या प्रतींमध्ये थोडी बदलते, कारण प्रत्येक प्रत स्वतंत्रपणे छापली जाते.

बिघडतं ते बहुतेक वेळा आतल्या समासात. बांधणीकडच्या समासाची किमान मर्यादा पानसंख्येवर ठरते: 150 पानांपर्यंत 0.375 इंच, 151 ते 300 पानांना 0.5, 301 ते 500 ला 0.625, 501 ते 700 ला 0.75 आणि त्यापुढे 0.875. लेखक हा आकडा पुरेसा समजून तसाच टाकतात. फाइल मंजूर होते, पुस्तक छापलं जातं आणि वाचणाऱ्याला ओळीचं शेवटचं किंवा पहिलं अक्षर दिसावं म्हणून पुस्तक दोन्ही हातांनी ताणून धरावं लागतं. गोंदाच्या बांधणीत पान मुळापासून उघडत नाही, तिथे वळतं, आणि त्या वळणात चार-पाच मिलिमीटर सहज जातात. 300 पानांच्या पुस्तकाला 0.5 इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर, ही नापास न होण्याची रेषा आहे. आरामात वाचायचं तर 19 ते 20 मिलिमीटर हवेत. सहाशे-सातशे पानांच्या अद्भुतिका, म्हणजे फँटसी कादंबऱ्या, या चुकीने सर्वांत जास्त मार खातात. पानं वाढली की छपाईचा खर्च वाढतो, म्हणून समास आणि ओळअंतर दोन्ही आवळले जातात. चांगल्या गोष्टीचं असं नुकसान बघून हळहळ वाटते, कारण ते पूर्णपणे टाळण्यासारखं असतं.

पुस्तकाच्या कण्यावरचं, म्हणजे कपाटात उभं ठेवल्यावर दिसणाऱ्या कडेवरचं, नाव एका बाजूला सरकलेलं दिसलं तर दोष यंत्राचा की मांडणीचा, हे ओळखता येतं. कण्याची जाडी कागदावर ठरते: पांढऱ्या कागदाला दर पानामागे 0.002252 इंच, क्रीमला 0.0025. म्हणजे 300 पानांचं पुस्तक पांढऱ्यावर साधारण 17.2 मिलिमीटर जाड आणि क्रीमवर 19 मिलिमीटर. पांढऱ्या कागदासाठी बनवलेलं मुखपृष्ठ ऐनवेळी क्रीमवर चढवलं तर जवळपास दोन मिलिमीटरचा फरक राहतो आणि मुखपृष्ठाचा रंग कण्यावर उतरतो. याउलट कापणीत होणारी थोडी सरक यंत्राची असते, आणि केडीपी ती 0.125 इंचापर्यंत गृहीत धरते. म्हणूनच मुखपृष्ठाला चारी बाजूंनी बारीक चौकट काढणं धोक्याचं. दीड मिलिमीटर सरकली तरी एका बाजूची पट्टी जाड आणि दुसरीची बारीक दिसते.

कवितासंग्रहाचा प्रश्न निराळा. कण्यावर अक्षरं छापण्यासाठी किमान 79 पानं लागतात. साठ पानांचा संग्रह कपाटात उभा ठेवला की निनावी होतो. काही कवी त्यावर उपाय म्हणून कोरी पानं घालतात. तसं करण्याऐवजी प्रत्येक कविता नव्या पानावर सुरू केली आणि विभागांना स्वतंत्र शीर्षकपान दिलं तर पानंही भरतात आणि कवितेलाही श्वास मिळतो. लांब ओळी 5 बाय 8 इंचात मोडतात. मोडलेली ओळ आत सरकवलेली नसेल तर ती नवी ओळ वाटते आणि कवितेचा अर्थच हलतो. परीक्षण करणाऱ्याने हे दोष कवीच्या शैलीवर लावू नयेत. ई-आवृत्तीशी ताडून पाहावं.

रंगीत पुस्तकांपाशी ही सेवा उघडी पडते. रंगीत छपाई निवडली की पुस्तकाच्या प्रत्येक पानाला रंगीत पानाचा दर लागतो, रंग एकाच पानावर असला तरी. मधली आठ चित्रपानं तेवढी रंगीत, अशी सोय नाही. म्हणून इतिहास, चरित्र, प्रवास या प्रकारांत मूळ रंगीत छायाचित्रं करड्या छटांत छापलेली दिसतात, आणि साध्या मजकुराच्या कागदावर त्यांचे गडद भाग एकजीव काळे होतात. छायाचित्र छापण्यासाठी तयार करताना सावल्या थोड्या उजळायला हव्यात, तेवढं काम क्वचितच केलेलं असतं. दुसरी चूक बारीक चित्रांची. 300 डीपीआयने, म्हणजे इंचामागे 300 ठिपक्यांनी, सहा इंच रुंद चित्राला 1800 पिक्सेल लागतात. इंटरनेटवरून उचललेल्या 600 पिक्सेलच्या चित्राचे कंगोरे लगेच दिसतात. नकाशे आणि वंशवृक्ष यांत तर नावंच वाचता येत नाहीत.

मुलांच्या चित्रपुस्तकात या सेवेच्या मर्यादा दुपटीने जाणवतात. चित्रपुस्तक साधारण 32 पानांचं असतं आणि केडीपीला ते चालतं, कारण तिची किमान अट 24 पानांची आहे. पण मध्ये टाचण मारलेली शिवण केडीपीत मिळत नाही. दोन पानांवर पसरलेल्या चित्रात हत्तीची सोंड बांधणीत गायब होते. पडद्यावर झळाळणारा निळा किंवा पोपटी कागदावर मळकट उतरतो, कारण रंगीत छपाईच्या चार शाईंत ती छटा बसत नाही. अशा पुस्तकासाठी टाचणाची बांधणी आणि कागदाचे जास्त पर्याय देणारी इनग्रामस्पार्क ही दुसरी छपाईसेवा अधिक योग्य. पाककृती किंवा सरावाच्या वहीसाठी, जिथे पुस्तक ओट्यावर सपाट पडून राहायला हवं, तिथे लुलू या आणखी एका छपाईसेवेची स्प्रिंगची बांधणी खरी उपयोगी. केडीपीचं पाककृतींचं पुस्तक ओट्यावर स्वतःहून मिटतं. कणिक लागलेल्या हातांनी पान धरून ठेवायचं कसं?

मुखपृष्ठ चकचकीत किंवा मॅट, दोनच पर्याय. गडद रंगावर मॅट सुरेख दिसतं, पण बोटांचे ठसे आणि ओरखडे धरतं. दमट हवेत कोपरे बाहेरच्या बाजूला वळतात, कारण बाहेरच्या प्लास्टिकच्या थराला ओल लागत नाही आणि आतला कागद ती पिऊन फुगतो. दोनेक दिवस वजनाखाली ठेवलं तर बरंच सपाट होतं. हार्डकव्हर 75 ते 550 पानांपर्यंत मिळतं, त्यावर सुटं वेष्टण नसतं, चित्र थेट पुठ्ठ्यावर चिकटवलेलं असतं. ठीक आहे, त्याहून जास्त काही नाही.

मांडणीतल्या घाईच्या खुणा सगळ्या प्रकारांत सारख्याच: विषम पृष्ठांक डाव्या पानावर, कोऱ्या पानावरही माथ्याशी छापलेलं पुस्तकाचं नाव, परिच्छेदाला आत सरकवणं आणि वर मोकळी ओळ दोन्ही, पानाच्या माथ्यावर परिच्छेदाची एकटी पडलेली शेवटची ओळ. केडीपी फाइलमधली मापं तपासते, मुद्रितशोधन करत नाही. सप्टेंबर 2023 पासून कृत्रिम बुद्धिमत्तेने (एआयने) लिहिलेल्या मजकुराची माहिती लेखकाने देणं बंधनकारक आहे, पण ती केडीपीला द्यायची असते. विक्रीच्या पानावर ती वाचकाला दिसत नाही. हा या सेवेतला सर्वांत खटकणारा भाग आहे. पुस्तक विकत घेणाऱ्याला ते कळायला हवं.

मराठी वाचकांसाठी एक भर. मराठी ई-पुस्तकं केडीपीवर निघतात, मात्र मजकूर युनिकोडमध्ये असावा लागतो. जुन्या फॉन्टमधून बदलून घेतलेल्या फाइलीत रफार आणि जोडाक्षरं घसरतात. 'पूर्व', 'मार्ग', 'आश्चर्य' असे शब्द नमुन्यात आधी शोधून पाहावेत. मोफत नमुना बहुधा ई-आवृत्तीचाच असतो, त्यावरून छापील पानाचा अंदाज येत नाही. त्यासाठी पानसंख्या आणि आकार पाहावा. 6 बाय 9 इंचाच्या पानावर आरामशीर मांडणीत साधारण तीनशे शब्द बसतात. लाखभर शब्दांची कादंबरी अडीचशे पानांत दिली असेल तर अक्षर बारीक किंवा समास चिंचोळे असणारच.

परीक्षण लिहिताना शेवटच्या पानावरची तारीख जरूर नोंदवावी. लेखक दुरुस्त केलेली फाइल केव्हाही चढवू शकतो. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव आणि आकार बदलता येत नाहीत, पण मजकूर बदलतो आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, तोच राहतो. तुमच्या प्रतीतल्या अठरा मुद्रणचुका पुढच्या महिन्यात छापलेल्या प्रतीत नसतीलही, आणि तारीख दिली असेल तर वाचणाऱ्याला ते ताडून पाहता येईल.