शेजाऱ्यांची वाळवी आणि आमचे 11,000 रुपये

बेळगावातील शहापूर भागात आमचे मंगळुरी कौलांचे जुने घर आहे. शेजारच्या घराशी आमची एक भिंत सामाईक असून दोन्ही घरांचे माळे त्याच भिंतीवर टेकलेले आहेत. मागच्या मे महिन्यात शेजारच्या वहिनींनी देवघराच्या चौकटीला सहज बोट लावले, तर वरचा रंग कागदासारखा फाटला आणि आतून लाकडाऐवजी माती गळाली. दोन दिवसांत ही बातमी गल्लीभर झाली, आणि चौथ्या दिवशी वाळवीच्या औषधाची पत्रके घेतलेला एक इसम आमच्या दारात उभा राहिला. तो आधी शेजारी जाऊन दर सांगून आला होता, हे मला फार उशिरा कळले.

"काकू, शेजारी लागलीय म्हणजे तुमच्याकडं येणारच की ओ. भिंत एकच हाय न्हवं?" एवढ्या एका वाक्यावर त्याने निम्मे काम उरकले. वाक्य अगदीच खोटे नव्हते, म्हणूनच ते मनात रुतले. आदल्या रात्री वळवाचा पाऊस झाला होता आणि व्हरांड्यातील दिव्याखाली किड्यांचे पंख पडले होते. ते चिमटीत धरून त्याने "बघा, आलीच" असे सांगितले. वास्तविक पहिल्या पावसानंतर जमिनीतील वारुळांतून पंखवाली वाळवी बाहेर पडते आणि उजेडाकडे धावते; बाहेरच्या दिव्याखाली पंख सापडले म्हणून घर पोखरले गेले असे होत नाही. बंद खोलीत, आतल्या खिडकीशी पंखांचा थर दिसला असता तर काळजी करणे योग्य होते.

मग तो माळ्यावर चढला, मला खालून तांब्याभर पाणी आणायला सांगितले, आणि मी परतले तेव्हा त्याच्या हातातील कागदावर चार-पाच पांढुरके जिवंत किडे वळवळत होते. जमिनीतून येणाऱ्या वाळवीचे अंग मऊ असते आणि उघड्या हवेत ते सुकते, त्यामुळे ती मातीची नळी बांधल्याशिवाय भिंतीवरून वर जात नाही. आमच्या माळ्यावर मातीची एक रेघही नव्हती. ते किडे त्याने खिशातूनच आणले असावेत, असे माझे ठाम मत आहे.

व्यवहार 11,000 रुपयांना ठरला. 2,000 रुपये आगाऊ फोनवरून पाठवले आणि उरलेले 9,000 काम झाल्यावर रोख दिले. पक्के बिल मागितले, तेव्हा "जीएसटी पडंल, उगीच खर्च कशाला काकू?" असे तो म्हणाला, आणि काटकसरीच्या सवयीने मलाही ते पटले. पाच वर्षांची हमी देणारे, बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेले एक कार्ड मात्र त्याने न मागता दिले.

काम दीड तासात संपले. पाठीवरच्या 16 लिटरच्या पंपात तो घरून पाणी भरूनच आला होता. ते दुधासारखे पांढरे होते आणि त्याला रॉकेलचा उग्र वास येत होता, त्यामुळे औषध जहाल असणार अशी माझी समजूत झाली. परंतु साधे फिनेल पाण्यात घातले तरी पाणी तसेच पांढरे होते, आणि हल्ली वाळवीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या इमिडाक्लोप्रिडला जवळजवळ वासच नसतो. भिंतीच्या कडेने छिद्रे पाडून, त्यांत थोडेथोडे पाणी सोडून, वर व्हाइट सिमेंटचे ठिपके देऊन तो गेला.

ऑक्टोबरमध्ये सामाईक भिंतीलगतचे सागवानी कपाट सरकवले, तेव्हा मागे पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची नळी फरशीपासून छातीएवढ्या उंचीवर गेलेली दिसली. फोन केल्यावर त्याने कार्ड नीट वाचायला सांगितले. शेजारच्या मिळकतीतून वाळवी आल्यास हमी लागू होणार नाही, अशी अट त्यावर छापलेली होती. ज्या भीतीपोटी पैसे घेतले, तीच भीती हमीतून वगळलेली होती.

त्यानंतर बोलावलेल्या माणसाने आधी आपला परवाना दाखवला. कीटकनाशक कायदा, 1968 आणि त्याखालील नियमांप्रमाणे हे काम धंदा म्हणून करणाऱ्याला तो लागतोच. त्याने व्हाइट सिमेंटचा एक ठिपका उकरून छिद्रात आगपेटीची काडी घातली, तर तिचे निम्मे अंगही आत गेले नाही. छिद्र फरशीतच संपलेले होते. औषध जायला हवे ते फरशीखालच्या मातीत, कारण वाळवीचा रस्ता तेथून येतो. बांधलेल्या घरात भिंत आणि फरशी मिळतात तेथे साधारण फुटा-फुटावर 12 मिलिमीटरची छिद्रे मातीपर्यंत नेऊन प्रत्येकात सुमारे एक लिटर द्रावण सोडायचे असते. आमच्या भिंतींची लांबी 90 फूट भरते, म्हणजे निदान 90 लिटर द्रावण हवे होते. त्या इसमाने एकच पंप आणला होता, आणि तोही पुरता रिकामा झाला नव्हता. हा साधा गुणाकार मला मे महिन्यात सुचला असता!

या वेळी दोन्ही घरांचे काम एकाच दिवशी, सामाईक भिंतीच्या दोन्ही बाजूंनी केले. मोहोरबंद बाटली माझ्यासमोर फोडली आणि इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्के हे औषध लिटरमागे 2.1 मिलिलिटर या मापाने माझ्यासमोरच कालवले. परसातील भिंतीला टेकवून रचलेले जळण हलवले आणि मोरीचा गळका नळ बदलला, कारण ओल आणि जमिनीला लागलेले लाकूड हे वाळवीला आमंत्रणच असते. कपाटामागची नळी मध्यभागी बोटभर मोडून ठेवली आहे. आत वाळवी जिवंत असेल तर ती काही दिवसांत तेवढा भाग पुन्हा बांधून काढते. मी दर रविवारी विजेरी घेऊन पाहते आणि अद्याप तो तसाच उघडा आहे.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली. त्यांनी बिल मागितले, तेव्हा फोनवरून गेलेल्या 2,000 रुपयांची नोंद आणि ते कार्ड एवढेच मला पुढे करता आले. रोख दिलेल्या 9,000 रुपयांचा माझ्याकडे चिठोराही नाही.