गाडी चालता चालता बंद पडते? 500 रुपयांचा ओबीडी स्कॅनर किती कामाचा

शोरूम यवतमाळला आणि गाडी दारव्ह्याच्या रस्त्यावर बंद. टोचन करून नेली की तिथे ती पहिल्याच सेल्फला सुरू होते. मेकॅनिक दोन चकरा मारून आणतो, जॉब कार्डवर 'दोष आढळला नाही' लिहितो आणि गाडी परत. नव्या गाड्यांच्या बंद पडण्यात अर्ध्याहून जास्त मनस्ताप या एका ओळीचा असतो. ओबीडी म्हणजे गाडीची स्वतःची दोष-तपासणी; ती वाचणारा, ब्लूटूथवर चालणारा ईएलएम327 जातीचा काडेपेटीएवढा स्कॅनर घ्यायचा तो यासाठीच, की गाडी मेली त्या क्षणी आत काय चाललं होतं याची नोंद मोबाइलमध्ये राहावी. दुरुस्ती सुचवण्याची अक्कल त्याच्यात नाही, आणि विकणारे म्हणतात म्हणून ती समजूत करून घेऊ नये.

आधी एक गोष्ट निपटून घ्या. गाडी फक्त सिग्नलवर किंवा फाटकाशी, न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावर बंद होत असेल आणि क्लच दाबताच आपोआप सुरू होत असेल, तर तो दोष नाही. ती आयडल स्टार्ट-स्टॉपची सोय आहे, डॅशबोर्डवर इंग्रजी ए अक्षराभोवती गोल बाण असलेलं बटण दाबून बंद करता येते. त्यासाठी स्कॅनर मागवणारेही आहेत.

बाजारात 400-500 रुपयांपासून हे डबे मिळतात. पाकिटावर '1.5' किंवा '2.1' छापलेलं असतं. गंमत अशी की मूळ कॅनडाच्या कंपनीने 1.5 नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती, म्हणजे ते छापलेला प्रत्येक डबा नक्कल आहे. तरीही 1.5वाले बहुतेक बरे चालतात. 2.1 लिहिलेल्या स्वस्त नकलांमध्ये काही कमांड गाळलेल्या असतात. जोडणी होते, पण मधेच तुटते किंवा गाडीच सापडत नाही. आयफोनवाल्यांनी साधा ब्लूटूथ डबा घेऊ नये, त्यांना लो-एनर्जी ब्लूटूथचा किंवा वायफायचा लागतो. ॲप म्हणून अँड्रॉइडवर 'टॉर्क' किंवा 'कार स्कॅनर' पुरे.

जोडायला सोपं आहे. स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या वर, फ्यूज बॉक्सच्या आसपास 16 पिनांचं सॉकेट असतं. इंजिन बंद ठेवून डबा दाबून बसवा, चावी ऑन करा, ब्लूटूथमध्ये 1234 किंवा 0000 पिन टाका. आता खरी चूक होते ती इथे: लोक ॲपमध्ये दिसतील तेवढे सगळे डायल लावतात. हा डबा एकावेळी एकच आकडा विचारतो. बारा आकडे लावले की प्रत्येकाची पाळी यायला सेकंद-दोन सेकंद लागतात आणि गाडी तेवढ्यात मेलेली असते. सहाच ठेवा: आरपीएम, मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला दाब), शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम, लाँग टर्म फ्युएल ट्रिम, थ्रॉटल आणि व्होल्टेज. रेकॉर्डिंग सुरू करा आणि नेहमीच्याच रस्त्यावर, नेहमीच्याच वेळेला चालवा. गाडी दुपारी 45 डिग्रीत बंद पडत असेल तर सकाळी सातची फेरी फुकट आहे.

आलेखात आरपीएमची रेघ कशी पडली, तिथे अर्धं निदान असतं. गाडी गिअरमध्ये घरंगळतेय, म्हणजे चाकांमुळे इंजिन फिरतंच आहे, आणि तरी आरपीएम 1800 वरून एका झटक्यात शून्य दाखवतोय, तर इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या क्रँक सेन्सरचा सिग्नल गेला. त्याची खूण ठरलेली: गरम झाल्यावर बंद, बोनेट उघडून 20-30 मिनिटं सावलीत ठेवली की सुरू. स्कॅनरवर दोषाचा कोड येतो पी0335, पण सेन्सर अर्धवट खराब असेल तर तो कितीतरी दिवस येत नाही, म्हणून आलेखच जास्त कामाचा. दुसरा प्रकार, आरपीएम 750, 620, 480 असा पायरीपायरीने उतरून बंद. हे हवेचं किंवा इंधनाचं. तिसरा विचित्र: सगळेच आकडे एकदम थिजतात आणि ॲप 'ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) उत्तर देत नाही' म्हणतं, पण डब्यावरचा लाल दिवा चालू असतो. 16 नंबरच्या पिनला बॅटरीचा थेट करंट येतो, म्हणून डबा जिवंत राहतो. मेला तो ईसीयू. रिले, इग्निशनची वायर किंवा फ्यूजचा खटका तपासा. शोरूमबाहेर म्युझिक सिस्टिम, जादा हॉर्न, फॉग लाइट बसवून घेतलेल्या नव्या गाड्यांत हा प्रकार फार. फिटर इग्निशनची वायर सोलून, पिळून, वर टेप गुंडाळतो. उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळतो, खड्ड्यात सांधा हलतो आणि गाडी मरते.

ट्रिम वाचताना जरा थांबा. ट्रिम म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के जास्त-कमी करतोय ते. दोन्ही ट्रिमची बेरीज उणे-अधिक 5 पर्यंत बिनघोर, अधिक 10 च्या वर टिकून राहिली तर कारण शोधायचं. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, ठीक आणि चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये दाबल्यावर अधिक 15-20 झाली तर गाडीतल्या फ्युएल पंपाचा दाब कमी पडतोय किंवा फिल्टर तुंबलाय. इंटरनेटवर मात्र एक सल्ला हमखास सापडतो, की आयडलला ट्रिम वाढली म्हणजे हवा गळतेय. तो हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाड्यांचा आहे. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या मॅनिफोल्ड प्रेशरवर चालतात. त्यांत गळतीची हवासुद्धा मोजली जाते, त्यामुळे ट्रिम शांत राहते आणि उलट आयडल 750 ऐवजी 1000-1100 ला चढून बसतो, प्रेशर 30-35 ऐवजी 45 किलोपास्कलच्या पुढे जातं. आणि ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची भर पडलीय: ई-10साठी बेतलेल्या गाडीत ते टाकलं की लाँग टर्म ट्रिम 4-5 टक्के वर सरकते. तेवढं पेट्रोल जास्त लागतंच, ती गळती नव्हे.

टाकी भरल्यावर पाच-दहा मिनिटांत गाडी झटके घेऊन बंद पडते, एरवी नाही, ही तक्रार वेगळी. पंपावर नोझल टक करून आपोआप थांबल्यावर "राउंड करून द्या भाऊ" म्हणत आणखी शंभराचं भरायची आपली सवय इथे नडते. जादाचं पेट्रोल वाफा शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये जातं आणि पर्ज व्हॉल्व्हवाटे थेट इंजिनात खेचलं जातं. स्कॅनरवर ट्रिम अचानक उणे 20 च्या खाली गेलेली दिसेल, कधी पी0441 किंवा पी0496 कोड. पडताळा सोपा आहे. थंड इंजिन आयडलला ठेवून पर्ज व्हॉल्व्हची कॅनिस्टरकडची नळी काढा आणि व्हॉल्व्हच्या तोंडाला बोट लावा. ओढ लागली तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. ओढ नाही लागली तर सध्या नुसतं जादा भरणं आवरा.

आता हा डबा जिथे आंधळा आहे ते. पेट्रोलमध्ये पाणी आहे का, हे तो सांगणार नाही, फक्त एकाहून जास्त सिलिंडर मिस मारतायत असं पी0300 दाखवेल. पावसाळ्यात भरल्यानंतर लगेच असं झालं तर काचेच्या स्वच्छ बरणीत अर्धा लिटर काढून 15-20 मिनिटं न हलवता ठेवा. पाणी शिरलं असेल तर इथेनॉल त्याच्यासोबत खाली बसतं आणि तळाला वेगळा थर दिसतो. पंपावर फिल्टर पेपर मागायचा ग्राहकाला हक्क आहे, पण पेपरवरचा डाग भेसळीचा पत्ता देतो, पाण्याचा नाही.

उंदीर हा दुसरा. गाडी कोठ्याजवळ किंवा सोयाबीनच्या कुटाराशेजारी उभी राहत असेल तर वायरिंगचं आवरण खाल्लेलं सापडतं. स्कॅनर अशा वेळी सेन्सरचंच नाव घेतो आणि लोक चांगला सेन्सर बदलून बसतात. कोड आला की आधी त्या सेन्सरच्या वायरवर टॉर्च मारा, बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीकडे जाणारा अर्थिंगचा नट पान्ह्याने हलवून पाहा. व्होल्टेजही या डब्याचं तंतोतंत नसतं, एकदा मल्टिमीटरशी ताडून घ्या. इंजिन चालू असताना 13.5 ते 14.5 हवं, मात्र काही नव्या गाड्यांचा अल्टरनेटर इंधन वाचवायला मुद्दाम 12.8 पर्यंत उतरतो.

बॅटरी काढून लावल्यावर लगेच आयडलला गाडी मरत असेल तर ईसीयू थ्रॉटलची जागा विसरलाय. एसी, दिवे, पंखा बंद ठेवून दहा-पंधरा मिनिटं आयडलला गरम होऊ द्या. तेवढ्यावर भागलं नाही तर शोरूमच्या मोठ्या स्कॅनरनेच रिलर्न करावं लागतं, या डब्याचं ते काम नाही. डिझेलवाल्यांना उपयोग अजून कमी: रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) आणि तो कमी पडल्याचा कोड पी0087 दिसलं तर दिसलं, डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी गाळणाऱ्या फिल्टरची माहिती बहुतेक गाड्यांत तो काढू शकत नाही.

किमतीच्या मानाने 5 पैकी 3.5. दीड गुण कापला तो तुटणाऱ्या जोडणीसाठी आणि 'क्लिअर कोड' या बटणासाठी. ते दाबलं की कोडसोबत फ्रीझ फ्रेमही पुसली जाते, म्हणजे बंद पडतानाचं तापमान, आरपीएम, लोड सगळं गेलं आणि जॉब कार्डवर पुन्हा तीच ओळ. फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट आणि आलेखाची फाइल सर्व्हिस ॲडव्हायझरला गाडी देण्याआधीच पाठवा, तारीख आणि किलोमीटरसकट, आणि जॉब कार्डवर तसा उल्लेख करून घ्या. आणि रात्री डबा काढून ठेवा. सॉकेटला करंट चालूच असतो, आठवडाभर गाडी उभी राहिली तर बॅटरी उतरू शकते.